चाप : जुन्या रायफलीच्या एका अवयवाची परीक्षा

मराठी भाषेची एक गंमत पाहण्यासारखी आहे. ‘खर्चाला चाप लावला’, ‘उनाड पोराला चांगलाच चाप बसला’, असे आपण नित्य बोलतो. तेथे चाप म्हणजे आवर, बंधन. पण ‘बंदुकीचा चाप ओढला’ असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोळी सुटल्याचे चित्र उभे राहते. एकच शब्द एके ठिकाणी अडविणारा आणि दुसऱ्या ठिकाणी सोडणारा, हे कसे? विचार केला म्हणजे असे दिसते की, आपल्या पूर्वजांनी हा शब्द मोठ्या समजुतीने वापरला. बंदुकीच्या चापाचेही पहिले काम अडविणे हेच आहे. आत दाबून धरलेली शक्ती तासन् तास अडवून ठेवायची आणि धन्याच्या बोटाने हुकूम केला म्हणजेच तिला वाट द्यायची, एवढ्यासाठी हे यंत्र आहे. ज्या दिवशी ते हुकमावाचून सोडू लागते किंवा हुकूम होऊनही सोडीनासे होते, त्या दिवशी ते बिघडले असे समजावे.

हा विषय दोंडाईचासारख्या मिरचीच्या आणि कापसाच्या पेठेत कोणाला काय कामाचा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आपल्या शिंदखेडे तालुक्यात, तापीकाठी आणि पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, पीकसंरक्षणासाठी वा स्वसंरक्षणासाठी परवाना घेतलेल्या बंदुका अनेक घरांत आहेत. कित्येक आजोबांच्या नावावरून वडिलांच्या आणि वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर आलेल्या आहेत. बंदूक पेटीत असते, पेटी माळ्यावर असते आणि क्वचित केव्हा तरी, बहुधा परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी किंवा निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या वेळी, ती खाली उतरते. ज्या घरात अशी वस्तू आहे त्या घरातील सर्वांना, आणि त्या घराच्या शेजाऱ्यांनाही, तिच्या चापाचे दुखणे ओळखता आले पाहिजे. ते दुरुस्त करता आले पाहिजे असे मात्र मी म्हणत नाही. ओळखणे आणि दुरुस्त करणे यांतील अंतर किती मोठे आहे, हेच मला येथे सांगावयाचे आहे.

प्रथम ज्या रायफलीविषयी बोलायचे तिची ओळख करून घेऊ. आपल्या देशात ‘थ्री नॉट थ्री’ हे नाव ज्याने ऐकले नाही असा माणूस विरळा. तिचे पूर्ण नाव ली-एन्फील्ड. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत नावारूपाला आलेला कारागीर. त्याने बोल्टची आणि मॅगझीनची रचना दिली. लंडनजवळच्या एन्फील्ड येथील सरकारी कारखान्याने नळीच्या आतील आटे दिले. १८९५ साली ब्रिटिश लष्कराने ती स्वीकारली, १९०७ मध्ये तिचा ‘मार्क ३’ हा प्रसिद्ध नमुना आला आणि बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात ती पुढे कित्येक दशके तयार होत राहिली. नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर; म्हणून थ्री नॉट थ्री. तिची काडतुसे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही तयार होत. काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ ही त्या कारखान्याची अक्षरे ठोकलेली असत.

लष्कराने ही रायफल केव्हाच खाली ठेवली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर इशापूरने त्याच बांध्याची, पण ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची रायफल काढली आणि तिच्याबरोबर स्वयंभरणाच्या रायफलीही आल्या. त्याच काळात आपल्या खानदेशात वरणगावला काडतुसांचा कारखाना उभा राहिला. पोलिसांच्या हातात मात्र जुनी रायफल टिकून राहिली. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांच्या स्वयंचलित शस्त्रांसमोर काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. उत्तर प्रदेशच्या पोलीस दलाने तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला समारंभाने निरोप दिला. सामान्य नागरिकाला .३०३ चा परवाना सहसा मिळत नाही, कारण ते लष्करी काडतूस आहे. पण तिची धाकटी बहीण घरोघर गेली. सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी काढलेली .३१५ ची, म्हणजे आठ मिलिमीटरची रायफल ही ली-एन्फील्डच्याच बांध्यावर बेतलेली आहे. तेव्हा एकीचा चाप समजला म्हणजे दुसरीचाही बराचसा समजतो.

आता यंत्राकडे वळू. घरातला उंदराचा सापळा आठवा. त्यात एक जोरदार स्प्रिंग ताणलेली असते. ती ताणायला आपल्याला दोन्ही हातांचा जोर लागतो. पण ताणल्यावर तिला अडवून धरते ती एक बारीक काडी, आणि ती काडी हलविण्यास उंदराच्या नाकाचा धक्काही पुरतो. मोठी शक्ती लहानशा अडसराने रोखून धरायची आणि तो अडसर हलका धक्का लागताच निसटावा अशी योजना करायची, हेच सापळ्याचे आणि हेच रायफलीचे तत्त्व.

रायफलीत ताणली जाणारी स्प्रिंग बोल्टच्या पोटात असते. तिच्या आतून एक लांब टोचा जातो. याच्या पुढच्या टोकाचा आघात काडतुसाच्या बुडातील टोपीवर झाला की दारू पेटते. टोच्याच्या मागच्या टोकाला पोलादाचा एक तुकडा फिरकीने बसविलेला असतो. त्याला शस्त्रागारात ‘कॉकिंग पीस’ म्हणतात. बोल्ट पुढे सारताना या तुकड्याच्या खालच्या खाचेला शरीरातून डोके वर काढलेली एक पोलादी नखी अडते. हिचे नाव ‘सिअर’. आपण तिला अटकण म्हणू. तुकडा अटकणीवर अडला, बोल्ट मात्र पुढे जात राहिला, म्हणजे मधली स्प्रिंग दबते. ली-एन्फील्डची ही खूण आहे की, बोल्ट पुढे ढकलताना शेवटी हाताला जोर लागतो. जर्मन मौझर जातीच्या रायफलीत हा जोर बोल्ट उघडताना लागतो. बोल्ट बंद झाला की सारी शक्ती त्या नखीएवढ्या अटकणीवर येऊन थांबते.

अटकणीच्या खाली चाप. तो एका लहान पिनीभोवती फिरणारी तरफ आहे. बोटाने तो मागे ओढला की त्याचा माथा अटकणीच्या बाहूला रेटतो, अटकण खाली झुकते, तुकडा सुटतो, टोचा पुढे धावतो. या साध्या रचनेत एक मार्मिक गोष्ट आहे. चापाच्या माथ्यावर एकाऐवजी दोन उंचवटे असतात. आरंभी एक उंचवटा अटकणीला टेकलेला असतो. बोटाला तीन-चार रत्तलांचा सौम्य ताण लागतो आणि अटकण बरीचशी खाली येते, पण सुटत नाही. मग दुसरा उंचवटा टेकतो, तरफेचे माप बदलते आणि बोटाला एकदम जड लागते. पाच ते सहा रत्तल, म्हणजे अडीच किलोच्या आसपास जोर दिला की अटकण सुटते. यालाच पहिली ओढ आणि दुसरी ओढ म्हणतात. नेमबाज पहिली ओढ घेऊन थांबतो, श्वास रोखतो, नेम पक्का करतो आणि मग दुसरी ओढ घेतो. पहिली ओढ ही त्याला दिलेली सूचना आहे की, ‘आता यापुढे गोळी आहे.’ ही सूचना नाहीशी झाली की चाप आजारी पडला असे पक्के समजावे.

आपल्या वैद्यांनी रोग्याची परीक्षा तीन प्रकारांनी करावी असे सांगितले आहे : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. बंदुकीलाही हीच पद्धत लागू पडते. मात्र रोग्याची नाडी धरण्यापूर्वी वैद्याला जी खबरदारी घ्यावी लागत नाही, ती येथे घ्यावी लागते. मॅगझीन काढावे, बोल्ट उघडावा, दाण्याच्या घरात डोळ्यांनी पाहावे आणि करंगळी घालूनही पाहावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. एवढे झाल्यावरही नळीचे तोंड अशा दिशेला ठेवावे की, गोळी सुटलीच तर ती मातीत जाईल. ‘बंदूक रिकामी आहे’ हे वाक्य जगात जितक्या अपघातांच्या आधी उच्चारले गेले असेल, तितके दुसरे कोणतेच नसेल.

प्रश्नापासून सुरुवात करू. बंदूक शेवटची केव्हा झाडली? तिला शेवटचे तेल कोणी, कोणते घातले? ती कधी पावसात भिजली किंवा पडली होती का? कोणी तिचे स्क्रू सोडविले होते का? या चार प्रश्नांच्या उत्तरांत निम्मे निदान होते. उन्हाळ्यात चाप बरा असतो आणि पावसाळ्यात बिघडतो, असे कोणी सांगितले तर त्याच्या बोलण्याला हसू नये. त्यात तथ्य असते आणि ते कसे, ते पुढे सांगतो.

दर्शनात पहिली गोष्ट म्हणजे आकडे. ली-एन्फील्डच्या बोल्टच्या दांड्यावर एक क्रमांक कोरलेला असतो आणि रायफलीच्या अंगावरही असतो. हे दोन्ही क्रमांक एकच असले पाहिजेत. प्रत्येक बोल्ट त्या त्या रायफलीला जुळवून बसविलेला असतो. एकीचा बोल्ट दुसरीत शिरतो खरा, पण त्याची खाच आणि हिची अटकण यांची सोयरीक झालेली नसते. जुन्या शस्त्रांत अशी अदलाबदल पुष्कळदा सापडते आणि कित्येकदा साऱ्या तक्रारीचे मूळ तेथेच असते. दुसरी गोष्ट, स्क्रूंची डोकी. ती फाटलेली, घासलेली दिसली तर कोणा हौशी माणसाने आत हात घातला आहे असे समजावे. तिसरी गोष्ट, गंज आणि काळपट चिकट थर.

स्पर्शनात चाप सावकाश ओढून पाहावा. पहिली ओढ लागते का? दुसरी वेगळी जाणवते का? सोडल्यावर चाप आपणहून पुढे येतो का? मग बोल्ट चार-पाच वेळा जोराने बंद करून पाहावा. चापाला बोट न लावता मागचा तुकडा प्रत्येक वेळी अटकणीवर थांबला पाहिजे. या रायफलीचा एक मोठा गुण असा की, तुकडा मागे उघड्यावर असतो. तो थांबला की पुढे गेला हे डोळ्यांना दिसते. शेवटी डाव्या बाजूचा सुरक्षेचा खटका लावावा, चाप ओढावा, सोडावा आणि नंतर खटका काढावा. खटका काढताना तुकडा पुढे गेला, तर ती रायफल त्या क्षणापासून वापरातून बाद. तिला पुढची तपासणी घरी करू नये.

आता दुखणी पाहू. पहिले दुखणे लाकडाचे. पोलादाच्या यंत्रात लाकडाचा काय संबंध, असे वाटेल. पण मार्क ३ च्या रचनेत चापाची पिन शरीराच्या पोलादात नसून चापाभोवतीच्या कडीत आहे. ती कडी पुढच्या लाकडी दस्त्याला खालून स्क्रूने आवळलेली आहे. आणि अटकण मात्र वर पोलादी अंगाला बसविलेली आहे. म्हणजे चाप आणि अटकण यांच्यामधले अंतर लाकडाच्या जाडीवर अवलंबून राहते. आपल्याकडे हे समजावून सांगण्यास यंत्रशास्त्राची गरज नाही. खानदेशात वैशाखात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर गेला की बैलगाडीच्या चाकाचे लाकूड आटते, लोखंडी धाव सैल होते आणि शेतकरी चाक पाण्यात भिजत घालतो, हे आपण पाहत आलो. तेच लाकूड येथे आटते. कोणी तरी सैल झालेला स्क्रू आवळतो, कडी वर सरकते, चापाचा माथा अटकणीला आधीच टेकून बसतो आणि पहिली ओढ नाहीशी होते. आणखी आवळले तर अटकणीची नखी खाचेत पुरती चढतच नाही. पावसाळ्यात लाकूड फुगले की याच्या उलट होते. चाप लांब, लुळा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी आपल्या नव्या नमुन्यात चापाची पिन लाकडाच्या भरवशावरून काढून थेट पोलादी अंगाला टांगली, ती याच धड्यातून. जे दुखणे कारखान्याला रचना बदलायला लावते, ते घरच्या पेचकसाने कायमचे जाणार नाही.

दुसरे दुखणे तेलाचे. घरात जे असेल ते तेल घालण्याची आपली रीत आहे. भुईमुगाचे घालतात, खोबरेल घालतात, कोणी जवसाचेही घालतो. वनस्पतीचे तेल हवेत हळूहळू चिकट होते. त्यावर आपल्या काळ्या रानाची धूळ बसली म्हणजे त्याचे खळीसारखे लुकण तयार होते. अटकण मग खाली जाते, पण झटकन वर येत नाही. बोल्ट बंद होताना ती वेळेवर उभी नसली की तुकडा तिच्यावरून निसटतो. शिवणयंत्राच्या जातीचे हलके खनिज तेल, तेही पुसून उरेल इतके थोडे, एवढेच योग्य. ठाण्यातला अनुभवी आरमोरर नळीत ‘पुलथ्रू’ची दोरी आणि चिंधी फिरवून झाल्यावर शेवटी कोरडी चिंधी का फिरवितो, याचे कारण हेच. तेल जास्त म्हणजे काळजी जास्त, हा समज चुकीचा आहे.

तिसरे दुखणे स्प्रिंगचे. या रायफलीत इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची एक चपटी स्प्रिंग दोन कामे करते. तिचा एक बाहू अटकणीला वर ढकलतो आणि दुसरा मॅगझीनच्या कुलपाला दाबून धरतो. म्हणून एखाद्याने येऊन सांगितले की, ‘चाप लुळा पडला आहे आणि मॅगझीनही खुळखुळते,’ तर ही दोन दुखणी असतीलच असे नाही. बहुधा एकच थकलेली वा मोडलेली स्प्रिंग दोन्हीकडे बोलत असते. वैद्यकात जशी लक्षणांची जोडी रोग सांगते, तशी येथेही सांगते.

चौथे दुखणे झिजेचे आणि ते सर्वांत वाईट. अटकणीची नखी आणि तुकड्याची खाच यांचे पृष्ठभाग पाणी देऊन कठीण केलेले असतात. हजारो वेळा घासून कडा गोल होतात. मग कधी नुसत्या हादऱ्याने, कधी दस्ता जमिनीवर आपटल्याने अटकण निसटते. पुष्कळदा हा रोग मनुष्यनिर्मित असतो. चाप जड लागतो म्हणून कोणी गावातला हुशार कारागीर कानस घेतो आणि दोन हात मारतो. चाप लोण्यासारखा हलका होतो, मालक खूश होतो. पण कानशीने कठीण साल निघून गेलेली असते आणि खालचा मऊ धातू उघडा पडलेला असतो. तो महिनाभरात झिजतो. नांगराचा फाळ शेवटून देणाऱ्या आपल्या लोहारांच्या हाताविषयी मला पूर्ण आदर आहे. पण फाळ चुकला तर तास वाकडे पडते आणि अटकण चुकली तर माणूस पडतो. जड चाप ही गैरसोय आहे. अतिहलका चाप हे संकट आहे. हा भेद मनावर कोरून ठेवला पाहिजे.

पाचव्या प्रकारात चापाचा दोषच नसतो, पण आळ त्याच्यावर येतो. चाप ओढला, ‘टक्’ असा आवाज झाला, गोळी सुटली नाही. येथे अटकणीने आपले काम केले आहे. दोष टोच्यात, बोल्टमधल्या थकलेल्या स्प्रिंगमध्ये, आत गोठलेल्या ग्रीसमध्ये किंवा जुन्या काडतुसाच्या टोपीत असतो. बुडावर टोच्याचा खोल खड्डा असेल तर काडतूस संशयित. उथळ असेल तर टोचा वा त्याची स्प्रिंग संशयित. पण हे पाहण्याची घाई करू नये. कधी टोपीची ठिणगी दारूत उशिरा पोचते आणि गोळी क्षण-दोन क्षणांनी सुटते. म्हणून नळीचे तोंड निशाणाकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे, आणि मगच तोंड बाजूला ठेवून बोल्ट उघडावा. अधीर माणसाने बोल्ट लगेच उघडला आणि त्याच वेळी काडतूस पेटले, तर त्याचा स्फोट त्याच्या तोंडापुढे होतो.

हे सर्व भय काल्पनिक नाही, हे एका परदेशी उदाहरणाने सांगतो. अमेरिकेत रेमिंग्टन ७०० या नावाची रायफल १९६२ पासून लाखोंनी खपली. ऑक्टोबर २००० मध्ये माँटाना राज्यात शिकारीहून परतलेले एक कुटुंब सामान आवरीत होते. आई रायफल रिकामी करण्यासाठी सुरक्षेचा खटका सोडीत होती. बोट चापावर नव्हते असे तिने सांगितले. गोळी सुटली, समोर उभ्या असलेल्या घोड्यांच्या गाडीतून आरपार गेली आणि पलीकडे असलेला तिचा नऊ वर्षांचा मुलगा मरण पावला. कंपनीने चापाच्या रचनेत दोष असल्याचे नाकारले. पण पुढे सामुदायिक दाव्याच्या तडजोडीत लाखो रायफलींचे चाप विनामूल्य बदलून देण्याचे तिने मान्य केले. येथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक अशी की, सुरक्षेचा खटका हे वचन आहे, हमी नव्हे. दुसरी अशी की, पत्र्याची भिंत, लाकडी दार, कुडाची ओटी यांना रायफलीची गोळी जुमानीत नाही. ज्या दिशेला काही दिसत नाही त्या दिशेला कोणी नाही, असे मानण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मग दुखणे सापडल्यावर करावे काय? कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्रे बनविणे, विकणे यांबरोबरच त्यांची दुरुस्ती करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. म्हणजे बंदूक बाळगण्याचा परवाना आपल्या खिशात असला तरी ती कोणाकडूनही दुरुस्त करून घेण्याची मोकळीक त्यात येत नाही. परवानाधारक शस्त्रदुरुस्तकाकडे, आपला परवाना बरोबर घेऊन, बोल्ट वेगळा आणि काडतुसे घरी ठेवून जावे. त्याला ‘चाप हलका करून दे’ असे सांगू नये. दिसलेली लक्षणे सांगावीत. मालकाने रोग सांगावा, औषध सांगू नये. आणि वारसाने आलेली बंदूक ज्याच्या नावावर परवानाच झालेला नाही त्याने ती माळ्यावर लपवून ठेवू नये. त्याच कायद्याच्या एकविसाव्या कलमाने ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची वाट दिली आहे. जमा करण्यात कसलीही अप्रतिष्ठा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जुना शौक संपविला. भिंतीवर टांगलेल्या बंदुकीचे मोठेपणही त्याबरोबरच ओसरले पाहिजे.

कोणी म्हणेल, इतके सायास एका मोडक्या यंत्रासाठी कशाला? भंगारात टाका म्हणजे झाले. काही बंदुकांच्या बाबतीत हा सल्ला योग्यच आहे. शंभर वर्षांच्या पोलादाला विश्रांतीचा हक्क असतो आणि ज्या रायफलीची खाच आणि अटकण दोन्ही गेलेली आहेत तिच्यावर पैसा घालण्यापेक्षा ती रीतसर जमा करणे शहाणपणाचे. पण ज्या वाडीवर रात्री रानडुकरांचा कळप उतरतो तेथील शेतकऱ्याला, ज्या चौकीवर अजून जुनी शस्त्रे आहेत तेथील शिपायाला, हा विचार परवडत नाही. रानडुकरासाठीही वन खात्याची परवानगी लागते, हे त्याने विसरू नये. त्याच्या हाती जे आहे ते निर्दोष असले पाहिजे.

या तालुक्याने बंदुकीच्या चापाचा अर्थ यंत्राच्या पलीकडेही जाणलेला आहे. आपल्या जवळच्या नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार व त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. तेथील बंदुकांचे चाप बिघडलेले नव्हते. बिघाड होता तो हुकूम सोडणाऱ्यांच्या विवेकात. आणि १४ एप्रिल १९४४ रोजी याच शिंदखेडे तालुक्यात चिमठाण्याजवळ, सशस्त्र पहाऱ्यात चाललेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी काढून घेतला, ही कथाही येथल्या वृद्धांनी पिढ्यान् पिढ्या सांगितलेली आहे. शस्त्र आहे म्हणून सत्ता टिकतेच असे नाही, हे त्या दिवशी सरकारला कळले.

सारांश इतकाच. चापाच्या साखळीत तीन अडसर आहेत. अटकण हा पोलादाचा अडसर. तो झिजतो, म्हणून तो तपासावा. सुरक्षेचा खटका हा दुसरा. तो फसवितो, म्हणून त्यावर विसंबू नये. तिसरा अडसर बोटाच्या मागे असलेल्या मनाचा आहे आणि त्याची दुरुस्ती कोणत्याही परवानाधारक दुकानात होत नाही. पहिल्या दोहोंची परीक्षा वर्षातून एकदा करावी. तिसऱ्याची, बंदूक हातात घेण्यापूर्वी प्रत्येक वेळी करावी. उद्या घरी गेल्यावर ज्यांच्या माळ्यावर पेटी आहे त्यांनी ती खाली काढावी, रिकामी असल्याची खात्री दोनदा करावी, आकडे जुळतात का ते पाहावे आणि पहिली ओढ लागते का ते बोटाला विचारावे. उत्तर संशयास्पद आले तर पेचकस शोधू नये. परवाना शोधावा आणि जाणत्या माणसाच्या दुकानाची वाट धरावी.